वयोगट आठ ते बारा

मुलांच्या विभागात कुणीही नवीन मूल आलं की पुस्तकमावशीचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "अर्धवट सोडलेलं शेवटचं पुस्तक कोणतं?"

मुलं गडबडायची. आवडलेल्या पुस्तकाचं नाव पाठ करून आलेली असायची बिचारी. एखादा पठ्ठ्या छाती काढून सांगायचा, "मी अर्धवट सोडतच नाही." मग ती चष्मा कपाळावर चढवून त्याच्याकडे नुसती बघत राहायची. जरा वेळानं त्याला आपणहून आठवायचं, ते जाडजूड, ते घोड्याचं, आत्यानं वाढदिवसाला दिलेलं. कुठं सोडलं, का सोडलं, एवढं ऐकून घेतलं की ती उठायची, गुडघे कुरकुरवत खालच्या फळीपाशी उकिडवी बसायची आणि दोन बोटांनी एक पुस्तक उपसून काढायची. दहातली नऊ मुलं ते संपवून परत यायची. दहाव्याच्या मागे ती हात धुऊन लागायची.

तिचं खरं नाव देवघेवीच्या टेबलावरच्या पाटीवर होतं, पण ती पाटी शिक्क्यांच्या डब्यामागे गेली त्याला एक जमाना लोटला होता. विभाग तळमजल्यावर, मागच्या अंगाला. डाव्या हाताला टोपल्यांत चित्रपुस्तकं, उजव्या हाताला 'वयोगट आठ ते बारा' अशी पट्टी चिकटवलेली चार बुटकी कपाटं. तिचा जीव त्या चार कपाटांत. "चित्रांच्या पुस्तकांना आईबाप असतात," ती म्हणायची, "मोठ्यांच्या पुस्तकांना वर्तमानपत्रं असतात. ह्या मधल्यांना मीच काय ती."

वाळवी पहिल्यांदा आली तेव्हा सात वर्षांची होती. वडिलांचं बोट धरून आली. ते लिफ्टा दुरुस्त करायचे. खिशाला टेस्टर, कमरेला हत्यारांची पिशवी, बोटांच्या रेघांत कधीही न निघणारं ग्रीस. कार्डाचा फॉर्म भरता भरता म्हणाले, "बाई, ही आमच्या घरची वाळवी. घरातलं सगळं खाऊन झालं. औषधाच्या खोक्यातला कागदसुद्धा सोडला नाही हिनं. आता तुमच्या कपाटांना लावतोय."

"लावा की. आमच्याकडे लाकूड भरपूर आहे."

मुलगी हसली नाही. तिनं विचारलं, "एका वेळी किती पुस्तकं नेता येतात?"

"दोन."

"आणि इथं बसून किती वाचता येतात?"

पुस्तकमावशी तिथंच विरघळली.

टोपल्यांचा फडशा सहा महिन्यांत पडला. मग कपाटं सुरू झाली. वाळवी पुस्तक परत करताना नुसतं टेबलावर ठेवायची नाही, निकाल द्यायची. "शेवट घाईत उरकलाय." "ह्यातला काका उगाचच आहे, काढून टाकला तरी काही अडत नाही." "हे मला आठ वर्षांची असताना द्यायला हवं होतंत, आता उशीर झाला." पुस्तकमावशीच्या घरी वाट बघणारं कुणी नव्हतं. नवीन पुस्तकांचं खोकं आलं की चिकटपट्टी कापतानाच ती मनात वाटणी करायला लागायची, आणि पहिला वाटा कुणाचा हे तिनं कुणाला सांगितलं नाही, कारण विभागात सगळी मुलं सारखीच असायला हवीत असा नियम तिनंच केलेला होता.

वाळवी दहा वर्षांची झाली त्या साली तिच्या वेण्या बदलल्या.

आधी दोन वेण्या असायच्या, घट्ट, मधोमध भांग, जणू पट्टी ठेवून आखलेला. आता एक वर, एक खाली. एकीत केस कोंबलेले, दुसरीतून सुटलेले. आणि एके दिवशी तर वेणीच्या टोकाला रबर नव्हतं, काळी इन्सुलेशन टेप गुंडाळलेली होती, तारांना गुंडाळतात ती.

"आज वेणी कुणी घातली?"

"बाबांनी."

"आणि आई?"

"तिची पाठ दुखतेय. झोपलीय."

पाठ पुढच्या आठवड्यातही दुखत होती. त्याच्या पुढच्याही. वाळवी शाळा सुटल्यावर सरळ विभागात यायला लागली आणि दिवे मालवेपर्यंत बसायला लागली. "घरी ओरडतील ना," म्हटलं तर म्हणायची, "बाबाच म्हणाले, बस तिथं." एकदा तिनं विचारलं, "मावशी, पाठदुखीनं कुणी बारीक होतं का?" पुस्तकमावशी शिक्का मारत होती. तो तिनं चुकीच्या तारखेवर मारला.

तिला आठवत होतं ते स्वतःचं. नऊ वर्षांची असताना तिला सुट्टी म्हणून मामाकडे धाडलं होतं. सुट्टी लांबत गेली. घरी परत आली तेव्हा दाराशी आईच्या चपला नव्हत्या, फणी नव्हती, पलंगावरची गादी बदललेली होती, आणि कुणी एक शब्द बोललं नाही. तिनंही विचारलं नाही. तिला ते कळलं वर्षभरानं, शाळेच्या कपाटातल्या एका गोष्टीत, एका अनोळखी मुलीच्या आईबद्दल वाचताना. त्या दिवशी ती पहिल्यांदा रडली. तेव्हापासून तिच्या मनानं एक घेतलं होतं. माणसं बोलत नाहीत, तेव्हा पुस्तकानं बोलावं.

तिसऱ्या कपाटात एक कादंबरी होती. नदीवर होडी चालवणाऱ्या मायलेकींची. आई थकत जाते, घरातली मोठी माणसं दारं लावून कुजबुजतात, मुलगी वल्ही एकटीनं मारायला शिकते. आई जाते. पुस्तक मात्र तिथं संपत नाही, आणखी एक प्रकरण उरतं. चांगलं पुस्तक. पुस्तकमावशीनं ते दोन दिवस टेबलाच्या खणात ठेवलं. तिसऱ्या दिवशी वाळवीच्या हातात दिलं. एरवी ती चार शब्द सांगायची, कुठं हसशील, कुठं कंटाळशील. त्या दिवशी नुसतं म्हणाली, "हे घे."

पाचव्या दुपारी वाळवीचे वडील आले, कामावरच्याच कपड्यांत. त्यांनी पुस्तक आपटलं नाही. टेबलावर ठेवलं आणि त्यावर पंजा ठेवून उभे राहिले.

"हे तुम्ही दिलंत?"

"हो."

"ह्यात आई मरते."

"हो."

"काल जेवताना पोरीनं आईला विचारलं. पुस्तकातली आई शेवटच्या आधीच्या प्रकरणात जाते, आपलं कितवं चालू आहे? घास हातात तसाच. धाकटा समोर बसलेला." त्यांचा आवाज चढला नव्हता, तरी टोपल्यांपाशी बसलेली मुलं माना वर करून बघायला लागली. "तीन महिने आम्ही जपलं, बाई. दवाखान्यात जाताना बाजारात जातो म्हणून सांगायचं. रिपोर्ट मी कामाच्या पिशवीत ठेवायचो, पान्यांच्या खाली. पोरांना कळू नये म्हणून नवराबायको जिन्यात जाऊन बोलायचो. आणि तुम्ही…" मग एकदम त्यांनी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं का?"

"नाही," पुस्तकमावशी म्हणाली. "मला कसं माहीत असणार?"

त्यांनी लगेच विश्वास ठेवला. "मग तुमचा तरी काय दोष," म्हणाले, पंजा उचलला आणि गेले. ओरडले असते, शिव्या दिल्या असत्या तर तिला सोसलं असतं.

गोष्ट वरच्या मजल्यावर पोचायला वेळ लागला नाही. मोठ्या बाई, म्हणजे सगळ्या ग्रंथालयाच्या प्रमुख, खाली आल्या आणि त्यांनी तोडगा काढला. ज्या पुस्तकात कुणी मरतं त्याच्यावर लाल ठिपका चिकटवायचा, ठिपक्याचं पुस्तक पालकांच्या सहीशिवाय द्यायचं नाही. पुस्तकमावशी आठवडाभर ठिपके चिकटवत बसली. चारी कपाटांना गोवर आल्यासारखा दिसायला लागला. मोठ्या बाई बघायला आल्या आणि दचकल्या. "एवढी?"

"ह्यात कुत्री-मांजरं धरलेली नाहीत," पुस्तकमावशी म्हणाली.

पण तो विनोद विनोदापुरताच. तिच्यातलं काहीतरी खचलं होतं. मुलं येऊन उभी राहायची, प्रश्नाची वाट बघायची, आणि ती मान वर न करता म्हणायची, "तिकडे आहेत, तूच बघ." एका लहान मुलीनं "पण तुम्ही विचारलं नाहीत" म्हणून तक्रार केली. एका पोरानं अर्धवट सोडलेल्या पुस्तकाचं नाव न विचारताच सांगून टाकलं आणि तरी हलेना. तिनं त्याच्या हातात मिळेल ते पुस्तक दिलं. ते त्यानं अर्धवट सोडलं.

वाळवी येत नव्हती.

महिन्याभरानं वाळवीचे वडील पुन्हा आले. टेबलापासून हातभर लांब उभे राहिले. "बायकोनं बोलावलंय तुम्हाला. चित्रांची पुस्तकं घेऊन या म्हणाली. धाकट्यासाठी. चार वर्षांचा आहे." आणि जाता जाता, "दुपारी या. पोरगी शाळेत असते तेव्हा."

दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर. बाहेरच्या खोलीत खिडकीशी कॉट आणि कॉटला टेकून शिवणयंत्र. वाळवीची आई कपडे लहानमोठे करून द्यायचं काम करायची. आता गिऱ्हाइकांचे कपडे बंद झाले होते, पण मांडीवर एक निळा स्कर्ट होता आणि ती हातानं टीप घालत होती. चेहऱ्यावर डोळे तेवढे उरलेले. धाकटा, त्याला घरी ढब्बू म्हणत, यंत्राच्या पायडलवर बसून रिकामी रिळं एकावर एक रचत होता.

"बसा. ह्यांनी तुम्हाला बरंच सुनावलं असेल."

"नाही. फार नाही बोलले."

"मग मी बोलते," ती म्हणाली, आणि सुई कापडात अडकवून ठेवली. "तुम्ही मुद्दाम दिलंत ना?"

पुस्तकमावशीनं घरून उत्तर जुळवून आणलं होतं. मामाचं घर, चपला, गादी, सगळं. ते सगळं घशाशी आलं आणि तिला वाटलं, हे हिला सांगून मी काय मिळवणार? माफीच ना?

"हो," ती म्हणाली. "वेण्यांवरून अंदाज आला होता. तुमच्या मिस्टरांना मी नाही म्हणाले. खोटं बोलले."

आईनं खिडकीबाहेर पाहिलं. खाली कुणीतरी स्कूटर सुरू करायची खटपट करत होतं, ती सुरू होईना.

"मला विचारायचं होतंत. एक चिठ्ठी पाठवायची. मी रोज शब्द जुळवत होते हो. आज सांगीन, परीक्षा झाली की सांगीन, रविवारी सांगीन. न जाणो, सांगितलंही नसतं. हिंमत झाली नसती. पण ते माझं होतं सांगायचं. तुम्ही माझ्या हातातून घेतलंत."

"हो."

"आता मुलगी सगळं विचारते, मी सगळं सांगते. रात्री माझ्याच कुशीत झोपते. ते बरं झालं. पण म्हणून तुम्ही केलंत ते बरोबर, असं मी म्हणणार नाही."

"नका म्हणू."

"धाकट्याला मीच सांगणार आहे." तिनं स्कर्ट पुन्हा उचलला. "एवढ्याशा पोराशी कसं बोलायचं ते मला येत नाही. तेवढं तुम्ही द्या. बाकी मी बघते."

पुस्तकमावशीनं पिशवीतून सात पुस्तकं काढली आणि यंत्राच्या फळीवर मांडली. आई एकेक चाळत गेली. पहिल्यात आजी ढग होते. "नको. आभाळ मोकळं असलं की हा रडेल." दुसऱ्यात म्हातारं कासव लांबच्या प्रवासाला जातं. "हा विचारेल, परत कधी येणार." तिसऱ्यात आई रोज स्वप्नात येते. "आणि नाही आली तर?" चौथ्यात सगळे प्राणी रडतात आणि शेवटी सगळे हसतात. ते तिनं न बोलता बाजूला ठेवलं. पुस्तकमावशीच्या लक्षात आलं, इतक्या वर्षांत ही पुस्तकं तिनं कितीतरी घरांत पाठवली होती, पण अशा कुणाच्या नजरेनं ती कधी वाचली नव्हती.

सातही पुस्तकं झाली. आईनं डोळे मिटून घेतले. जमिनीवरून ढब्बूचा आवाज आला, "हे वाच."

त्याच्या हातात आठवं पुस्तक होतं. पोराला गुंतवायला म्हणून पुस्तकमावशीनं ते जाता जाता टोपलीतून उचललं होतं, आणि त्यानं स्वतःच पिशवीत हात घालून काढलं होतं. एका मुलाचा पिवळा गमबूट हरवतो. तो पलंगाखाली बघतो, कोंबड्यांच्या खुराड्यात बघतो, शेजारच्या काकांच्या टोपीत बघतो. बूट सापडत नाही. सगळेजण शोधतात, संध्याकाळ होते, बूट सापडत नाही. शेवटच्या पानावर मुलगा एक पाय बुटात नि एक अनवाणी असा चिखलातून चाललेला असतो. बस, एवढंच.

आईनं ते त्याला वाचून दाखवलं. शेवटच्या पानावर ढब्बूनं विचारलं, "सापडला?"

"नाही."

"उद्या सापडेल?"

"नाही रे राजा. ह्या पुस्तकात नाहीच सापडत."

त्यानं त्या अनवाणी पायावर बोट ठेवलं. "थंड लागत असेल."

"लागतं ना. पण चालतोय बघ तो."

मग तिनं पुस्तकमावशीकडे पाहिलं. "हे ठेवते."

"ह्यात कुणी जात नाही," पुस्तकमावशी हळूच म्हणाली. "मी ते ह्याच्यासाठी आणलं नव्हतं."

"माहीत आहे. पण ह्यात कुणी खोटं बोलत नाही." आणि मग तिला धाप लागली म्हणून थांबली. थोड्या वेळानं निळा स्कर्ट उलटा करून दाखवत म्हणाली, "हे बघा, आत दुमडलेला दाब केवढा ठेवलाय. दर वर्षी दोन बोटं सोडला तरी तीन वर्षं जाईल. ह्यांना उसवायला शिकवलंय. हात जड आहे, पण शिकले."

त्यानंतर पुस्तकमावशी दर गुरुवारी दुपारी जायची. पुस्तकांबद्दल बोलणं होत नसे. कधी भांडी घासून यायची, कधी ढब्बूला खाली फिरवून आणायची. सहावा गुरुवार यायच्या आधी, मंगळवारी सकाळी, आई गेली. वडील लिफ्टच्या वरच्या खोलीत काम करत होते, तिथं फोन लागत नाही. त्यांना निरोप मिळाला तेव्हा दुपार झाली होती.

घर माणसांनी भरलेलं होतं. बायका वाळवीच्या पाठीवरून हात फिरवत होत्या आणि ती ताठ बसली होती, रांगेत नंबर यायचा असावा तशी. ढब्बू पुस्तक घेऊन एकेका पाहुण्याच्या गुडघ्याशी जात होता आणि शेवटचं पान उघडून दाखवत होता. "हे बघा. नाहीच सापडत." ऐकून लोक तोंड फिरवायचे. तो मात्र मोठ्या माणसाला समजावून सांगावं तसं शांतपणे सांगत होता. पुस्तकमावशी दाराशी उभी राहिली आणि आत न जाताच परत फिरली. ते पुस्तक पुढं परत आलं नाही, मागायलाही कुणी गेलं नाही.

तीन आठवड्यांनी वाळवी विभागात आली. वेणी आता एकच होती, स्वतःची स्वतः घातलेली. निळा स्कर्ट. दुपारची वेळ, विभागात एक आजोबा नातवाला वाचून दाखवत होते, बाकी कुणी नाही. ती टेबलासमोर उभी राहिली.

"मावशी, ते होडीचं पुस्तक तुम्ही मला का दिलंत?"

पुस्तकमावशीनं शिक्का बाजूला ठेवला.

"मला वाटलं होतं," वाळवी म्हणाली, "की ते आपलं आपण आलं. म्हणजे तुम्ही नेहमीसारखंच दिलंत, चांगलं आहे म्हणून, आणि ते नेमकं तेच निघालं. मी आईला पण सांगितलं होतं, पुस्तकाला कळलं होतं. आई काही बोलली नाही. नंतर मी विचार केला. तुम्ही त्या दिवशी काहीच सांगितलं नाहीत, कुठं हसशील वगैरे."

"हो."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"अंदाज होता. मी मुद्दाम दिलं."

"आणि बाबांना नाही म्हणालात."

"हो. घाबरले."

वाळवीनं मान हलवली. रडली नाही, रागावलेलीही दिसली नाही. तिनं जराशा दमलेल्या आवाजात एवढंच म्हटलं, "मग ते पुस्तक नव्हतं. तुम्हीच होतात." कार्ड खिशातून काढून टेबलावर ठेवलं आणि ती निघून गेली.

पुस्तकमावशी बसून राहिली. आजोबांनी पुस्तक संपवलं, नातवानं "पुन्हा" म्हटलं, त्यांनी पुन्हा सुरू केलं. आपण नेमकं काय गमावलं ते तिला त्या क्षणी कळलं. ह्या मुलीचा तिच्यावर विश्वास होता, तो गेला, ते तर होतंच. पण त्याहून मोठं काहीतरी तिनं त्या मुलीचं काढून घेतलं होतं. आपल्यासाठी म्हणून एखादं पुस्तक ह्या जगात आपलं आपण चालत येतं, ही गंमत. तिनं स्वतः त्या एका गमतीवर सगळा जन्म काढला होता.

हिवाळा सरत आला तेव्हा वाळवीचे वडील आले. पुस्तकमावशीला वाटलं, आता ह्यांनाही कळलं असणार. कळलं होतंच.

"पोरीनं सांगितलं. जाऊ द्या ते," ते म्हणाले. "मला ते पुस्तक हवंय. इथंच बसून वाचतो. घरी नको."

तिनं होडीचं पुस्तक काढून दिलं. त्यांनी आपल्या ग्रीसच्या बोटांकडे पाहिलं आणि एक जुनं वर्तमानपत्र मागून घेतलं. पुस्तकाला कव्हर घातलं, मुलं शाळेच्या वह्यांना घालतात तसं, कडा दुमडून. मग मुलांच्या बुटक्या खुर्चीत, गुडघे छातीशी घेऊन ते वाचायला बसले. ओळीखाली बोट, ओठ हलताहेत. वाचायची सवय नव्हती. दिवसाला आठ-दहा पानं व्हायची, मग घड्याळ बघून उठायचे, ढब्बूला बालवाडीतून आणायचं असायचं. असे ते पंधरा-सोळा दिवस आले. मुलांना त्यांची सवय झाली. एका मुलीनं त्यांना विचारलंसुद्धा, "काका, तुम्ही अजून तेच वाचताय?" ते म्हणाले, "मी ढ आहे ना, म्हणून."

पुस्तक संपलं त्या दिवशी ते टेबलापाशी येऊन उभे राहिले. डोळे लाल होते.

"ह्यातला बाप बरा आहे. बोलतो पोरीशी."

"पुस्तकातला आहे तो," पुस्तकमावशी म्हणाली. "त्याला कुणीतरी बोलणं लिहून दिलंय."

त्यांना हसू आलं, आणि मग तोंड वाकडं झालं. तिनं पाण्याचा ग्लास पुढं केला. पाणी पिऊन ते म्हणाले, "घरात नुसती भांडी वाजतात, बाई. ती अभ्यास करते, स्वयंपाक करते, धाकट्याला झोपवते. एक शब्द जास्त नाही. पुस्तक तर हातात धरत नाही. मी काय बोलू तिच्याशी? तुमच्याकडे एवढी पुस्तकं आहेत. आहे का असं एखादं?"

चारी कपाटं पाठीशी होती. पुस्तकमावशीनं एकदा मागं वळून त्यांच्याकडे पाहिलंही. दोन नावं ओठांवर येऊन गेली.

"नाही," ती म्हणाली. "मला सुचत नाहीये. तुम्ही हे वाचलंत एवढं तिला सांगा. बाकी काही सांगता आलं नाही तरी चालेल."

त्यांनी ते सांगितलं की नाही, आणि सांगितल्यावर काय झालं, हे तिला कधी कळलं नाही. एवढंच कळलं की शाळा संपल्यावर ती तिघं दुसऱ्या गावी चालली होती. वडिलांच्या बहिणीचं घर तिथं होतं, पोरांना आत्या मिळणार होती. जायच्या आदल्या दिवशी ते मुलांना घेऊन निरोप द्यायला आले. ढब्बू सरळ टोपल्यांकडे पळाला. वडील त्याच्यामागं गेले. वाळवी दाराच्या आत दोन पावलांवर थांबली. वर्षभरात चांगली उंच झाली होती.

पुस्तकमावशीच्या खणात एक पुस्तक होतं. गेल्या महिन्यात खोक्यातून आलेलं. त्यात कुणी मरत नव्हतं, कुणी शहाणंही होत नव्हतं. दोन मैत्रिणी एक मोडका रेडिओ दुरुस्त करायच्या नादात सगळा मोहल्ला डोक्यावर घेतात, एवढीच गोष्ट. पहिलं पान वाचतानाच तिला कळलं होतं ते कुणाचं आहे. ती उठून टेबलाच्या अलीकडे आली. खण उघडला नाही.

"एक पुस्तक आहे," ती म्हणाली. "देऊ का?"

वाळवीनं तिच्याकडे पाहिलं. मग कपाटांकडे, लाल ठिपक्यांकडे, मग पुन्हा तिच्याकडे. विचार करत होती, खरोखरच.

"नको," ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "आत्ता नको."

"बरं."

"राग नाही आलाय."

"बरं," पुस्तकमावशी पुन्हा म्हणाली.

वडिलांनी ढब्बूला खांद्यावर घेतलं. ढब्बूनं वरून सगळ्या विभागाला टाटा केला, टोपल्यांना वेगळा केला. तिघं रस्त्यावर उतरली. कोपऱ्यावर वळताना वाळवीनं वडिलांच्या हातातली पिशवी स्वतःकडे घेतली आणि मागं वळून न बघता ती पुढं चालायला लागली.

पुस्तकमावशीनं खणातलं पुस्तक काढलं, नोंद केली, नंबर चिकटवला आणि दुसऱ्या कपाटात त्याच्या जागी लावलं. टेबलाशी परत आली तेव्हा एक नऊ-दहा वर्षांचा मुलगा येऊन उभा होता. कान मोठे, शर्टाचं एक बटण तुटलेलं.

"मला काहीतरी द्या ना वाचायला," तो म्हणाला.

तिनं चष्मा कपाळावर चढवला नाही. बटणाकडे तिची नजर गेली, ती तिनं मुद्दाम तिथून वळवली. खुर्ची ओढून त्याच्या उंचीला येईल अशी बसली.

"तुला काय हवंय, ते आधी सांग," ती म्हणाली. "मला काही घाई नाही."